ट्रकच्या पोटातली घरघर

माणूस आजारी पडला की कुठे दुखते ते स्वतः सांगतो. मोटारगाडी बिचारी नुसता आवाज करते. त्या आवाजावरून दुखणे ओळखणारे वैद्य ज्यांना पाहायचे असतील, त्यांनी पिंपरी-चिंचवडकडे एक चक्कर टाकावी. १९५४ साली पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, मागोमाग टेल्को आली, आणि माळरानावर भोंगे वाजू लागले. चाकणच्या जुन्या कांदाबाजाराभोवतीही आता मोटारींचे कारखाने उभे आहेत. मात्र नव्या गाड्यांच्या या माहेरघरी जुन्या गाड्यांचे दवाखानेही पुष्कळ! निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या अशाच एका गॅरेजात मी एक दिवस काढला.

त्या दिवशीचा रोगी म्हणजे टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ साली रस्त्यावर आले. ही गाडी त्यानंतरची, तरी तिने वीस पावसाळे सहज पाहिलेले. मालक खेड तालुक्यातला. चाकणचा कांदा वाशीच्या बाजारात पोचवणारा. पंधरा दिवस गिअरबॉक्स गुरगुरत होता. एका ठिकाणी त्याला ‘अख्खा गिअरबॉक्स बदला’ असा सल्ला मिळाला होता. मुलीची कॉलेजची फी तोंडावर आलेली, तेव्हा तेवढा पैसा कुठून आणायचा? आणि तशीच गाडी बोरघाटात घालायची तर छाती होईना. घाट ज्या गिअरने चढावा त्याच गिअरने उतरावा, असा ड्रायव्हर मंडळींचा दंडक आहे. उतारावर भरली गाडी इंजिनच्या ओढीने आवरली जाते. तिथे गिअरबॉक्सने दगा दिला, तर सारा भार एकट्या ब्रेकवर!

मेस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, “पाटील, गाडी न्यूट्रलला ठेवा आन् इंजिन चालू करा.” घरघर सुरू झाली. “आता क्लच दाबा.” घरघर थांबली.

“इंजिन ठीक आहे,” मेस्त्री मला म्हणाले. क्लच दाबला की इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. तेव्हा थांबणारा आवाज गिअरबॉक्सचा. उलट, दाबल्यावरच आवाज आला असता तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा.

मग आम्ही गाडी रस्त्यावर काढली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमध्ये सारखीच गुरगुर. टॉपमध्ये जवळजवळ शांतता. एकाच गिअरचे दात झिजले असते तर आवाज त्याच गिअरमध्ये आला असता. या गाडीत टॉपमध्ये इंजिनची ताकद थेट मागे जाते. बाकीच्या गिअरांत ती खालच्या काउंटर शाफ्टवरून वळून जाते. दुखणे त्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये होते. परत आल्यावर मेस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सला टेकवले, मूठ कानाला लावली आणि मान डोलावली.

तळाचा बोल्ट काढला, तर तेल निम्मेसुद्धा निघाले नाही. मेस्त्रींनी त्यात लोहचुंबक फिरवला. राखाडी चिखल चिकटला तर चिंता नाही. तो रोजच्या झिजेचा. इथे मात्र पोलादाचे चकचकीत कपचे आले. पितळेचा कण चुंबकाला चिकटत नाही, म्हणून उरलेले तेल उन्हात धरून पाहिले. पिवळी चमक नव्हती; गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या शाबूत होत्या.

प्रोपेलर शाफ्ट सोडून गिअरबॉक्स खाली उतरवला. पुलरने बेअरिंग निघाले. त्याच्या आतल्या वाटेवर खड्डे पडले होते. गिअरांचे दात बोटाने एकेक चाचपले. ते धड होते. नवे बेअरिंग शाफ्टवर बसवताना आतल्याच कडीवर दाब द्यायचा. बाहेरच्या कडीवर हातोडा मारला की आतल्या गोळ्यांना मार बसतो आणि नवे बेअरिंग जन्मतःच आजारी होते.

पण तेल गेले कुठे? गिअरबॉक्सच्या डोक्यावर श्वास घेण्यापुरते एक बारीक भोक असते. ते मातीने बुजले होते. तेल तापले, आतली हवा फुगली, तिने सील ढकलून तेल बाहेर काढले, आणि तेलाविना बेअरिंग झिजले. नुसते बेअरिंग बदलले असते, तर काही महिन्यांत तीच घरघर परत आली असती. भोक साफ झाले, नवी सील बसली, बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत तेल भरले.

संध्याकाळी गाडी देहूरोडपर्यंत जाऊन आली. हिशेब नव्या गिअरबॉक्सच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही. पैसे मोजण्यापूर्वी मालकाने एक गोष्ट केली. अंगातला स्वच्छ सदरा काढून ठेवला, गाडीखाली सरकला आणि ते भोक नेमके कुठे आहे ते बोट लावून पाहून घेतले.