स्वातंत्र्ययुद्ध जिंकले, पण स्वातंत्र्य कोणाला मिळाले?

1835-36 साली मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरील टेक्सास प्रांतात बंड झाले आणि एक नवे स्वतंत्र प्रजासत्ताक जन्माला आले. अलामोचा तेरा दिवसांचा वेढा, 6 मार्च 1836 रोजी तेथे मारले गेलेले वीर आणि 21 एप्रिलला सॅन जासिंटो येथे सुमारे 18 मिनिटांत मिळालेला विजय, ही कथा हॉलीवूडच्या चित्रपटांनी जगभर पोहोचवली. परंतु वकिलीच्या धंद्यात माणसाला एक सवय लागते. तो पोवाडा ऐकतो, पण निकाल कागद पाहूनच देतो. तेव्हा या युद्धाचे कागद काय सांगतात ते पाहू.

1821 नंतर स्टीफन ऑस्टिनसारख्यांनी अमेरिकेतील गोरी कुटुंबे टेक्सासात आणून वसवली. त्यांना हवी होती कापसाची शेती आणि त्या शेतीवर राबायला गुलाम. मेक्सिकोचा कल मात्र गुलामगिरी संपवण्याकडे होता. राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो यांच्या अंगात स्वतः आफ्रिकी रक्त होते. त्यांनी 1829 साली गुलामगिरी बंद केली. वसाहतवाल्यांनी धडपड करून टेक्सासपुरती सूट मिळवली. प्रांताच्या कायद्यातूनही पळवाट काढली गेली. गुलामाकडून 99 वर्षांच्या चाकरीचा करार करून घ्यायचा! कागदावर चाकर, प्रत्यक्षात गुलाम. शोषकाला कायदा मोडावा लागत नाही, तो वाकवला तरी पुरते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता?

सांता अ‍ॅनाने 1824 ची संघराज्याची घटना मोडून सत्ता एकवटली, ही बंडखोरांची तक्रार खोटी नव्हती. त्याविरुद्ध मेक्सिकोच्या इतर प्रांतांतही उठाव झाले. म्हणूनच अनेक मेक्सिकन वंशाचे टेक्सासवासी या लढ्यात उतरले. प्रश्न आहे तो जिंकल्यानंतरचा.

अलामो पडल्यावर दोन आठवड्यांच्या आत टेक्सासची घटना तयार झाली. तिच्या सर्वसाधारण तरतुदींतील नववे कलम सांगते की, आणलेले गुलाम गुलामच राहतील. गुलाम आणण्यास वा मुक्त करण्यास संसदेलाही कायदा करता येणार नाही, अशा दोन्ही बाजूंनी तिचे हात बांधले होते: आणण्यावर बंदी घालता येणार नाही आणि मुक्तीचा कायदा करता येणार नाही. स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला संसदेच्या परवानगीशिवाय तेथे कायम राहता येणार नाही. दहाव्या कलमाने आफ्रिकी, त्यांचे वंशज आणि आदिवासी इंडियन यांना नागरिकत्वातून नावानिशी वगळले. विषमता रूढीतून आपोआप आली नाही. ती लिहून, मंजूर करून आणली गेली.

आता या कलमांखाली जगलेली माणसे पाहा. अलामोचा सेनानी विल्यम ट्रॅव्हिस याचा गुलाम होता जो, विशी-एकविशीचा तरुण. मालकामागे तोही बंदूक घेऊन तटावर गेला. ट्रॅव्हिस पडला, जो वाचला. नव्या सरकारच्या मंत्र्यांनी त्याच्याच तोंडून अलामोची हकिगत ऐकली आणि मग त्याला ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत परत जमा केले! सॅन जासिंटोच्या विजयाच्या पहिल्या वर्धापनदिनी, 21 एप्रिल 1837 रोजी जो पळाला. त्याला पकडून देणाऱ्यास 50 डॉलरचे बक्षीस वर्तमानपत्रात छापून आले.

ग्रीनबरी लोगन स्वतंत्र कृष्णवर्णीय होता. 1835 च्या अखेरीस बेक्सारच्या लढाईत तो जबर जखमी होऊन कायमचा अधू झाला. ज्या भूमीसाठी रक्त सांडले तेथे राहू द्यावे, म्हणून त्याला संसदेकडे अर्ज करावा लागला. 1841 साली त्याने कर माफ करण्याची विनंती केली. तीही फळाला आली नाही. कर भरायचा, पण मताचा अधिकार नाही.

हुआन सेगीन सॅन जासिंटोला मेक्सिकन वंशाच्या तुकडीचा नायक होता. अलामोच्या मृतांची रक्षा 1837 साली त्यानेच सन्मानाने पुरली. पुढे तो सॅन अँटोनिओचा महापौर झाला, पण 1842 साली देशद्रोहाच्या संशयाने त्याला जीव घेऊन मेक्सिकोत पळावे लागले.

चेरोकींचा प्रमुख बोल्स याच्याशी फेब्रुवारी 1836 मध्ये सॅम ह्यूस्टनने जमिनीचा तह केला. संकट टळल्यावर टेक्सासच्या सिनेटने तो रद्द ठरवला. जुलै 1839 मध्ये चेरोकींना हुसकावण्यात आले आणि बोल्स लढाईत मारला गेला.

1836 साली टेक्सासात सुमारे 5,000 गुलाम होते. 1860 च्या जनगणनेत ते 1,82,566 झाले. स्वातंत्र्य वाढले तसे गुलाम वाढले! त्यांच्या मुक्तीचा हुकूम गॅल्व्हेस्टन येथे जाहीर झाला तो 19 जून 1865 रोजी, म्हणजे ‘स्वातंत्र्या’नंतर 29 वर्षांनी. तो दिवस 2021 पासून अमेरिकेत राष्ट्रीय सुटीचा आहे. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. सात समुद्रांपलीकडच्या कोणत्या लढाईला मान द्यायचा, हे त्यांना नेमके कळले होते.

म्हणून कोणी स्वातंत्र्ययुद्धाची गाथा सांगू लागला की जरूर ऐकावी. पण नंतर त्याला त्या राज्याची घटना मागावी, आणि विचारावे: जो कुठे गेला?