पन्नास वाव खोल

औशाहून जाणाऱ्या महामार्गाला लोक ‘रत्नागिरी–नागपूर’ म्हणतात. नांदेड, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असे करत तो आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्याशी संपतो. तिथून मिरकरवाडा हे मासळीचे मोठे बंदर अगदी जवळ. औशाकडे खाल्ली जाणारी मासळी बहुतकरून धरण-तलावांतली: कटला, रोहू, कधी मरळ. गळ मात्र इथल्या पोरांनाही परका नाही. तावरजा नदीच्या काठावर काठी, दोरा, आकडा आणि गांडूळ एवढ्यावर अख्खी दुपार जाते. हाच गळ कोकणातला मच्छीमार छोट्या होडीतून भर समुद्रात नेतो आणि उभ्या दोरीने तळापर्यंत सोडतो. याला तिकडे गरवणे म्हणतात.

समुद्राची खोली वावांत मोजायची. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. पन्नास वाव म्हणजे तीनशे फूट, नव्वद मीटर. लातूर-औशाकडे पाचशे फुटांच्या बोअरचे आता कुणाला नवल वाटत नाही. त्या बोअरच्या निम्म्याहून खोल, तेही हलत्या पाण्यात आणि डोलणाऱ्या होडीतून, बोटभर लांबीचा आकडा नेमक्या खडकावर उतरवायचा, असे हे काम आहे.

साधने मोजकी. तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, लाकडी चौकटीवर किंवा रिळावर गुंडाळलेली. टोकाला शिसे. शिशाच्या वर, हात-दोन हातांच्या अंतराने, आखूड फांद्यांवर दोन-चार आकडे. आकडे शिशाच्या खाली न बांधता वर बांधण्यात विचार आहे. शिसे खडपावर, म्हणजे तळाच्या खडकावर, टेकते, कपारीत अडकते. आकडे त्याच्या वर मोकळे लोंबत राहतात. जाणता मच्छीमार शिसे मुख्य दोरीपेक्षा कच्च्या धाग्याने बांधतो. अडकलेच, तर झटक्याने तेवढे तुटते, बाकीची दोरी आणि तिच्यावरचा मासा हाती येतो.

आमिष म्हणून बांगड्याचे किंवा तारलीचे तुकडे चालतात. माकूल, म्हणजे स्क्विड, सर्वांत सोयीचे, कारण ते चिवट असते, लहान माशांनी टोचून टोचून लवकर सुटत नाही.

खरी विद्या जागा शोधण्यात आहे. गोबरा, तांबोशी हे खडपातले मासे. सपाट चिखलाच्या तळावर दिवसभर दोरी सोडून बसले तरी ते लागायचे नाहीत, आणि खडप चुकायला पाच-पन्नास मीटर पुरे होतात. जीपीएस येण्यापूर्वी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, किनाऱ्यावरच्या खुणा जुळवायचा: एका बाजूला डोंगराचे शिखर आणि पुढचे देऊळ एका रेषेत, दुसऱ्या बाजूला दीपगृह आणि त्यामागची टेकडी एका रेषेत. जिथे दोन रेषा छेदतात तिथे खाली खडप. ही भूमिती कागदावर नव्हती; बापाकडून मुलाकडे जायची आणि शेजारच्या होडीला सांगितली जात नसे. आता ती आकड्यांच्या रूपात जीपीएसच्या पडद्यावर असते. किनारा दिसेनासा झाल्यावरही जागा सापडते, हा मोठाच फायदा. त्याचबरोबर पूर्वी एका घराची असलेली जागा आज एका फोनवरून दहा होड्यांपर्यंत पोहोचू शकते.

दुसरा हिशेब पाण्याचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, ओढ जोराची असते. पन्नास वाव दोरी तेव्हा सरळ उतरत नाही. ती तिरपी होत लांब वाहत जाते आणि शिसे तळाला लागले की नाही हेच कळत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भरती-ओहोटीतला फरक कमी, ओढ मंद. खोल गरवायचे ते या दिवसांत, आणि त्यातही पाणी फिरण्याच्या अलीकडे-पलीकडे जी थोडी स्थिर वेळ मिळते तेव्हा. दोरी उभी राहिली की सारे हातात येते. शिसे टेकले, दोरी सैल पडली. वावभर वर ओढली. मग बोटावर दोरी आडवी ठेवून थांबायचे.

नायलॉन ताणले जाते, म्हणून इतक्या खालचा झटका वर येईपर्यंत बोथट होतो. अनुभवी बोटाला त्यातूनही आमिष टोचणारा लहान मासा आणि ते घेऊन कपारीकडे वळलेला गोबरा वेगळे कळतात. गोबरा कपारीत शिरला, कल्ले फुगवून बसला, की निघत नाही. पहिल्या काही हातांतच त्याला तळापासून उचलावे लागते. नव्या विणलेल्या दोऱ्या ताणत नाहीत, खबर लगेच देतात, पण बोटे कापतात. मासा वर आला की त्याला एकट्यालाच हाताळले जाते, लगेच बर्फात ठेवले जाते. जाळ्यात तो शेकडो माशांखाली चेंगरतो. गरीच्या, म्हणजे गळाने धरलेल्या, माशाचा ताजेपणा वेगळा असतो, त्याचे कारण हेच.

ही मासेमारी दूर जाते तेव्हा तिचे रूप बदलते. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तुत्तूर परिसरातले मच्छीमार खोल समुद्रातल्या गळासाठी, विशेषतः मुशी म्हणजे शार्कसाठी, देशभर ओळखले जातात. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळातून वाचलेल्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह देवगडला लागल्या. त्या केरळ-तमिळनाडूच्या होत्या. दक्षिणेकडच्या बोटी कोकणासमोरच्या समुद्रापर्यंत येऊन मासेमारी करतात, हे अनेक मराठी वाचकांना त्या बातमीतूनच प्रथम कळले.

खडकाळ तळावर ट्रॉलचे जाळे फाटते, म्हणून अशा जागा बराच काळ गळासाठी राहिल्या. गळ तळ खरवडत नाही, पोवळी मोडत नाही, एका खेपेत सगळे उपसत नाही. छोट्या होडीच्या मासेमारीला सरकारी धोरणात जे स्थान मिळायला हवे ते मिळत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण गळ निरुपद्रवी आहे, असे म्हणणेही खरे नाही. पॅसिफिकमधल्या टोंगाने १९८० च्या दशकात लहान बोटींचा ताफा उभारून खोल पाण्यातले स्नॅपर, म्हणजे तांबोशीच्या कुळातले मासे, गळाने पकडायला आणि निर्यात करायला सुरुवात केली. दशक संपता संपता उत्पादन घसरले. या स्नॅपरच्या काही जाती चाळीस वर्षांहून अधिक जगतात, उशिरा वयात येतात. काढलेल्या माशाची जागा भरायला बराच काळ लागतो. गोबऱ्याच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठेपणी त्यांतले काही नर होतात. सर्वांत मोठे मासे निवडून काढले, तर त्या खडपावरचे नरच संपत जातात.

कोकणासमोर खडपावरचे मासे टिकवण्याचा हा प्रश्न आंग्रिया बँकेवर उभा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे बुडालेले पठार विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. माथा वीसेक मीटर पाण्याखाली, कडा मात्र ४०० मीटरपर्यंत उतरतात. वर जिवंत पोवळी आहेत. ‘सिंधू साधना’ या संशोधन जहाजावरून २०१९ च्या अखेरीस तिथे पाहणी झाली आणि संरक्षणाची मागणी पुढे आली. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच लागू होतो. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे आहे, त्यामुळे निर्णय केंद्राने घ्यायचा आहे.

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. लहान मासा आला तर सोडून द्यावा, हा त्यामागचा अर्थ. उथळ पाण्यात ते जमते. पन्नास वावांवरून आलेल्या माशाचे वेगळे आहे. तिथे दाब पृष्ठभागाच्या दहापट असतो. वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे बटबटीत होतात. असा मासा पाण्यात सोडला तरी तरंगत राहतो, खाली जाऊ शकत नाही, आणि पक्ष्यांच्या किंवा मोठ्या माशांच्या तोंडी पडतो. वजन लावून त्याला पुन्हा खोल उतरवण्याची साधी साधने परदेशात वापरली जातात. आपल्या होड्यांसाठी त्याहून सोपा उपाय आकड्यातच आहे: लहान तोंडात न मावणारा मोठा आकडा. त्याने दिवसाला मिळणाऱ्या माशांची संख्या घटते, म्हणून मच्छीमार एकट्याने तो स्वीकारणार नाही. एका बंदरावरच्या साऱ्या होड्यांनी मिळून ठरवले आणि लिलावात मोठ्या, बर्फातल्या, गरीच्या माशाला वेगळा भाव मिळाला, तरच त्याला ते परवडेल.