झिजलेली तबकडी

जॅझची जुनी तबकडी हाती आली, की ती लगेच वाजवायची नाही. आधी वाचायची. लेबलवर कंपनीचं नाव, नंबर, गाण्याचं शीर्षक आणि बँडच्या म्होरक्याचं नाव, एवढाच मजकूर असतो. कामाचं सगळं असतं लेबलच्या भोवती, खाचा संपल्यावर उरलेल्या गुळगुळीत पट्ट्यात. टॉर्च लावून तबकडी तिरकी धरली, की तिथले बारीक आकडे दिसू लागतात. हा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे स्टुडिओत मेणाच्या मूळ तबकडीला दिलेला क्रमांक. त्याच्याजवळचा एखादा सुटा आकडा किंवा अक्षर सांगतं, की तीच चीज त्या बैठकीत कितव्यांदा वाजवली तेव्हाची ही छाप आहे. संग्राहकांच्या बोलीत, हा कितवा ‘टेक’.

हे वरवर किरकोळ वाटतं. जॅझमध्ये ते किरकोळ नाही. बाजारात आलेली छाप एका टेकची आणि पुढे फेरछपाईत वापरलेली दुसऱ्या टेकची, असं होत असे. शीर्षक तेच, बँड तोच, पण मधला सोलो वेगळा. कारण तो सोलो त्या क्षणी सुचलेला. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकाच गवयाचा तोच राग, तीच बंदिश दोन मैफलींत ऐकली, तर आपण दोन्ही जपून ठेवतो. जॅझवाल्यांनी हेच केलं, फक्त त्यासाठी त्यांना आकडे वाचायला शिकावं लागलं.

मग धुणं. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून केलेल्या. स्पिरिट लावलं, तर लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते. म्हणून डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश आणि हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा. लेबल भिजू द्यायचं नाही. सुती फडक्याने टिपायची, उभी करून वाळवायची आणि ठेवायचीही उभीच. आडव्या थप्पीत खालची वाकते नाहीतर तडकते. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी लागते ती वेगळीच. खाचांतून तिची जाळी निघते तेव्हा पाणी पिवळसर होतं.

सुईचं प्रकरण त्याहून नाजूक. एलपीची सुई इथे चालत नाही. एलपीची खाच अरुंद, ७८ची रुंद. तिला साधारण तिप्पट जाड टोकाची, पाऊण दशांश मिलिमीटरच्या आसपासची सुई लागते. त्यातही एकाच मापावर भागत नाही. जुन्या काळी पोलादी सुया आणि शंभर ग्रॅमच्या वर वजनाचा साउंडबॉक्स या खाचांवरून फिरलेला असतो, आणि त्याने भिंतीचा एक ठरावीक भाग घासून काढलेला असतो. थोड्या जाड किंवा थोड्या बारीक टोकाची सुई लावली, तर ती त्या घासलेल्या भागाच्या वर किंवा खाली टेकते. तिथली भिंत कधीकधी शाबूत निघते आणि ज्या तबकडीतून नुसती खरखर येत होती, तिच्यातून अचानक क्लॅरिनेट ऐकू येतं.

राहिला वेग. ‘७८’ हा आकडा नंतर पक्का झाला. विसाच्या दशकातल्या कितीतरी तबकड्या त्याहून कमी-जास्त वेगाने कोरलेल्या आहेत. मिनिटाला साडेचार फेऱ्यांचा फरक पडला, की अख्खा बँड अर्ध्या स्वराने सरकतो. यासाठी माझ्याकडे मशीनशेजारी हार्मोनियम असते. ट्रम्पेट, कॉर्नेट, क्लॅरिनेट या वाद्यांच्या बँडना काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या पट्ट्या सोयीच्या. तबकडी लावली आणि सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राहिला, तर चूक बँडची नाही, वेगाची. बटण फिरवत तो काळी पाचवर आणून बसवायचा. बसला, की ढोलताशाचा गोंगाट वाटणारं संगीत एकदम माणसांनी वाजवल्यासारखं वाटतं.

एवढं झाल्यावर तबकडीची प्रत ठरवतात. कोरीकरकरीत, उत्तम, बरी, झिजलेली. बाजारातली किंमत याच उतरंडीने ठरते. माझं या उतरंडीशी पटेनासं झालं ते एका तबकडीमुळे.

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर ती एका दुकानाच्या खालच्या गठ्ठ्यात होती. लुई आर्मस्ट्राँगचं ‘वेस्ट एंड ब्लूज’, इंग्लंडच्या पार्लोफोनची छाप. दुकानदाराने स्वतःच सांगितलं, “घिसा हुआ है साब, सजाने के काम का.” घासाघीस करायची वेळच आली नाही. घरी येऊन दिव्याखाली धरली, तेव्हा दिसलं की ती सारखी झिजलेली नाही. कडेच्या बाजूला बोटभर पट्टा पांढुरका पडलेला, लेबलजवळ पुन्हा तसाच एक पट्टा, आणि मधला भाग मात्र चकचकीत काळा.

हे रेकॉर्डिंग २८ जून १९२८चं, शिकागोमधलं. चीज किंग ऑलिव्हरची, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या गुरूचीच. सुरुवातीला आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट एकटाच, ताल नसताना, वर चढतो आणि उतरतो. मग ट्रम्पेटवरच मुख्य धून. मध्ये ट्रॉम्बोन, मग क्लॅरिनेट आणि त्याला उत्तर देणारा आर्मस्ट्राँगचा बिनशब्दांचा गळा, मग अर्ल हाइन्सचा पियानो. शेवटच्या फेरीत ट्रम्पेट परत येतो आणि एकच सूर चार मात्रांच्या चार आवर्तनांएवढा धरून ठेवतो. काळी दोनचा षड्ज धरला, तर तो पंचम आहे, काळी पाचवरचा. वेग तपासायला याहून चांगली जागा नाही.

पांढुरके पट्टे नेमके ट्रम्पेटच्या जागी होते. लेबलजवळच्या खाचा एरवीही लवकर झिजतात, कारण आतल्या फेऱ्यांत सुईखालून अंतर कमी सरकतं. तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही. पण या पट्ट्याला कड होती. शेवटची फेरी सुरू होते तिथूनच तो सुरू होत होता, आणि त्या कडेवर बारीक आडवे ओरखडे होते: सुई मध्येच उचलून पुन्हा पुन्हा तिथेच टेकवल्याचे. पियानोत या माणसाला रस नव्हता. त्याला तो पंचम हवा होता. या तबकडीचा मालक ट्रम्पेटवाला होता आणि तो शिकत होता.

जॅझची परंपरा अशीच पसरली. १९१७मध्ये न्यू यॉर्कला व्हिक्टर कंपनीने ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ची तबकडी काढली आणि आयोवा राज्यात बिक्स बाइडरबेक नावाचा मुलगा त्या बँडच्या तबकड्यांवरून कानाने कॉर्नेट शिकला. १९३७च्या उन्हाळ्यात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात नोकरीवर गेला, तो लेस्टर यंगच्या तबकड्या घेऊन. तिथून परतला तो सगळे सोलो पाठ करूनच. आपल्याकडे याचं नवल वाटायचं कारण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा मुलगा घर सोडून निघाला आणि पुढे पंडित भीमसेन जोशी झाला. कुमार गंधर्वांनी कोवळ्या वयात थोरामोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन ऐकणाऱ्यांना थक्क केलं होतं. गुरुमुखी विद्या म्हणून आपण जिला गौरवतो, तिच्यातही काळ्या तबकडीचा हात आहे.

फरक आहे तो नावांत. १९०२मध्ये कलकत्त्याला गौहर जान गायल्या, तेव्हा शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारून मोकळ्या झाल्या. तबकडी छापली जायची जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवं. आमच्या जुन्या तबकड्यांत नाव असं खाचेतच कोरलेलं सापडतं. जॅझच्या तबकडीवर नाव फक्त म्होरक्याचं. ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या लेबलवर आर्मस्ट्राँग आणि त्याचे ‘हॉट फाइव्ह’. वाजवणारे प्रत्यक्षात सहा. ट्रॉम्बोनवर फ्रेड रॉबिन्सन, क्लॅरिनेटवर जिमी स्ट्राँग, बँजोवर मॅन्सी कार, तालवाद्यांवर झटी सिंगलटन. ही नावं रसिकांनी हुडकली. १९३६मध्ये पॅरिसला शार्ल देलोने यांनी ‘हॉट डिस्कोग्राफी’ छापली: कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोण कोण बसलं होतं याची जंत्री. तबकड्या जमवणाऱ्यांनी वादकांना गाठून विचारलं, कान लावून ओळखलं, भांडून दुरुस्त केलं. जॅझच्या इतिहासलेखनाचा पाया अशा जंत्र्यांनी घातला.

पण जंत्रीला मर्यादा आहेत, आणि त्या विसरल्या, की वारशाचं चित्र वाकडं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्याला जॅझचा आद्य वादक म्हणतात, त्या बडी बोल्डनची एकही तबकडी नाही. १९१७मध्ये तबकडीवर पहिला आला तो बँड गोऱ्यांचा होता. ज्या काळ्या वादकांनी हे संगीत घडवलं, त्यांतला किंग ऑलिव्हर १९२३मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या कर्ण्यासमोर उभा राहिला. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. मोठ्या ड्रमच्या धक्क्याने कोरणारी सुई उडायची, म्हणून ड्रमर बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. त्याच बँडमधल्या तरुण आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत, की त्याला बाकीच्यांपासून लांब उभं केलं, असं तो स्वतः सांगत असे. म्हणजे तबकडीवर आहे तो बँड नव्हे. कर्ण्याला जेवढा पेलला तेवढा बँड. पुढे १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, तेव्हा बीबॉप हे नवं जॅझ आकार घेत होतं. त्याची बाल्यावस्था जवळजवळ तबकडीबाहेरच राहिली. आणि त्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धात, लाखेची टंचाई झाली. लाख जायची मुख्यतः हिंदुस्थानातून. ती अडली, तेव्हा जुन्या तबकड्या भंगारात गोळा करून नव्यांसाठी दळल्या गेल्या.

मुंबईचं पान या जंत्रीत पातळ आहे, पण आहे. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड हिंदुस्थानातच राहिला आणि १९४५मध्ये कलकत्त्यात वारला. यांच्याजवळ बसून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळेत त्यांचं स्टाफ नोटेशन पक्कं झालेलं; जॅझची उसळ कागदावर मावत नाही, ती त्यांनी या पाहुण्यांकडून आणि तबकड्यांवरून उचलली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मग सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात आणलं. भगवानदादांच्या १९५१च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. पुणतांब्याचा संगीतकार, दादरचा नायक, बारदेशचा ट्रम्पेट: महाराष्ट्र ज्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत नाचला, त्यांत न्यू ऑर्लिन्सचा अंश या वाटेने आला.

त्या सिनेमाच्या तबकड्या मात्र उलटून पाहाव्यात. संगीतकाराचं नाव आहे, गाणाऱ्यांचं आहे. ट्रम्पेट कुणाचा, सॅक्सोफोन कुणाचा, सगळ्या वाद्यांचे कागद कुणी लिहिले, यांतलं काही नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावं आज माहीत आहेत, ती कुणीतरी वृद्धांच्या घरी जाऊन विचारलं म्हणून. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक अशाच विचारपुशीतून उभं राहिलं. मुंबईत १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. तबकड्या आणि त्यांच्या हकिकती नोंदवण्याचं काम तिने नेटाने केलं. धोबी तलावच्या गोवेकरांच्या कुडांतून, वांद्र्याच्या बंगल्यांतून अजूनही गठ्ठे निघतात. विकणाऱ्याला विचारावं, घरात कोण वाजवायचं? निम्म्या वेळा उत्तर मिळतं, आणि ते पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवावं. तबकडीच्या किमतीत त्याने भर पडत नाही.

म्हणून माझ्या वहीत आता एक रकाना जास्त आहे. मॅट्रिक्स, टेक, वेग, वादक, आणि शेवटी झीज: कुठे, किती, कोणत्या वाद्याच्या जागी. सौदा करणाऱ्यांना हा वेडेपणा वाटतो. त्यांचा हिशोब असा, की झिजलेल्यापेक्षा कोरी केव्हाही बरी. ऐकायचंच असेल, तर त्यांचं म्हणणं खरं आहे. ‘वेस्ट एंड ब्लूज’ आज कुणालाही फुकट, स्वच्छ ऐकता येतं. आर्मस्ट्राँगने काय वाजवलं, हे सांगायला माझ्या तबकडीची कुणाला गरज नाही. मुंबईत ते कुणीतरी घोटून घोटून शिकलं, याचा पुरावा मात्र कुठल्याच जंत्रीत नाही. तो या एका तबकडीवर आहे, आणि दुकानदाराने ती सजावटीच्या भावात दिली.