अखाजीला घराचेही साल ठरवा

अखाजी आली की आपल्या खानदेशात शेतीचे नवे साल सुरू होते. सालदाराशी बोली होते. धान्य किती, पैसे किती, सारे चारचौघांत ठरते. पण घराचे साल कधी ठरवता का?

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक. भांडे टाकावे लागत नाही. कल्हई वेळेवर करावी लागते. घराचेही तसेच आहे.

यंदा पितरांची घागर भरली, की सगळे एकत्र बसा. माहेरी आलेल्या लेकींनाही बसवा. तीनच गोष्टी ठरवा.

देवासाठी : सांजवात लागली की दहा मिनिटे सर्वांनी मिळून बसावे.

कुटुंबासाठी : रात्रीची पंगत एकच असावी, आणि घरधनीणही तिच्यात असावी.

घरासाठी : कर्जाचा आकडा बायकोपासून लपवू नये. सातबाऱ्यावर तिचेही नाव लावावे. १९९२ ची लक्ष्मीमुक्ती योजना त्यासाठीच आहे. अर्ज मात्र नवऱ्याने करायचा असतो.

पोळ्याला आणि दिवाळीला आठवण करा, काय पाळले, काय राहिले.

सालदाराला दिलेला शब्द आपण मोडत नाही. घरच्यांना दिलेलाही मोडू नये.