अपडेट अडलं म्हणजे कॉम्प्युटर बिघडला, असं नाही



मार्चअखेरची गोष्ट. आमच्या ग्रामसंघाचे हिशेब मी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवते. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना डेस्कटॉप आहे तो. ऑडिटला आठ दिवस राहिले होते आणि हा रोज सकाळी एकच पाढा म्हणायचा: अपडेट पूर्ण झालं नाही, केलेले बदल मागे घेत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. यात अर्धा-पाऊण तास जायचा, मग चालू व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तालुक्याला एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." मी विचारलं, "आतल्या फायलींचं काय?" तर म्हणाला, "त्या जातील. कॉपी असेलच ना तुमच्याकडे."

नव्हती. अकरा गटांची तीन वर्षांची कर्जखाती त्यात होती. सह्यांच्या वह्या कपाटात होत्या, पण व्याजाचे तक्ते, बँकेला दिलेले प्रस्ताव, बैठकांचे फोटो सगळं त्या डब्यात. मी कॉम्प्युटर उचलला आणि घरी आले. रात्री भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आधी सी ड्राइव्हमध्ये जागा किती उरलीय ते बघ." बघितलं तर दोन जीबी! लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले, कचरा साफ केला, आणि त्याच रात्री अपडेट झालं. एक रुपया लागला नाही.

तेव्हापासून प्रभागातल्या चार-पाच तायांनी मला हाच प्रश्न विचारला. म्हणून जे शिकले ते इथं लिहून ठेवते. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरवर विंडोज असतं, म्हणून त्याबद्दलच सांगते.

अपडेट करायचं तरी कशाला?

विंडोजमध्ये चोराला शिरता येईल अशी भोकं अधूनमधून सापडतात. ती बुजवायचं सामान मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बुधवारी-गुरुवारी 'रीस्टार्ट करा' असा निरोप दिसायला लागतो.

न केल्यानं काय होतं, ते २०१७ साली जगानं पाहिलं. त्या वर्षी १४ मार्चला एक भोक बुजवणारं अपडेट आलं होतं. ज्यांनी ते केलं नाही, त्यांच्या कॉम्प्युटरवर १२ मेपासून 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसनं हल्ला केला. फायलींना कुलूप लावायचं आणि उघडायला पैसे मागायचे, हे त्याचं काम. जवळपास दीडशे देशांतले दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. अपडेट आणि हल्ला यांच्यामध्ये फक्त दोन महिन्यांचं अंतर होतं.

म्हणून कोणी "अपडेट कायमचं बंद करून देतो, कटकटच नको" म्हणालं, तर नाही म्हणा.

सगळ्यात आधी कॉपी

काहीही करायच्या आधी गटाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. नुसत्या टाकून थांबू नका. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि दोन-तीन फायली उघडून बघा. शक्य असेल तर दुसरी कॉपी ग्रामसंघाच्या सचिवाकडे ठेवा. घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर एकाच घरातल्या दोन्ही कॉपी जातात.

आणि एक लक्षात असू द्या. 'बदल मागे घेत आहे' असं दिसलं की घाबरू नका. अपडेट नीट बसलं नाही तर विंडोज स्वतःच जुन्या ठिकाणी परत जातं. अशा वेळी आपल्या फायलींना सहसा धक्का लागत नाही. धोका वाढतो तो आपण मधेच बटण दाबून बंद केलं तर.

या पाच गोष्टी क्रमानं बघा

१. जागा. सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघतं. नवं सामान उतरवायला जागा लागते, आणि ते नीट बसेपर्यंत जुनंही सांभाळून ठेवावं लागतं. वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या अपडेटसाठी सी ड्राइव्हमध्ये २० जीबी तरी मोकळी ठेवा.

'धिस पीसी' उघडा. सी ड्राइव्हची पट्टी लाल असेल तर जागा संपत आली आहे. फोटो आणि व्हिडिओ डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर हलवा. मग 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' असं जा. तिथं काय काय पुसता येईल याची यादी येते. त्या यादीत 'डाउनलोड्स' असं एक नाव असतं. त्याच्यापुढची खूण काढून टाका. बँकेची स्टेटमेंट, ऑनलाइन भरलेले अर्ज, आलेली पत्रं आपण उतरवतो ती तिथंच असतात. खूण राहिली तर सगळं जाईल. 'रिसायकल बिन' पुसायच्या आधीही एकदा आत डोकावून बघा.

२. लाइट. अपडेट बसत असताना लाइट गेली की काम अर्धवट राहतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच करा, बॅटरीवर नको. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्या. ते नसेल तर तुमच्या गावात लाइट टिकते ती वेळ निवडा. पावसाळी वाऱ्याच्या संध्याकाळी हे काम काढू नका.

टक्के एकाच आकड्यावर अडकलेले दिसले तर लगेच बंद करू नका. जुन्या मशीनला तास-दोन तासही लागतात. डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे असं समजा. स्वयंपाकाला लागा, मग येऊन बघा.

३. नेट. आपण बहुतेक जणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक, त्यात महिन्याचं एक अपडेट एक जीबीच्या आसपास किंवा जास्तही असू शकतं. पॅक संपला, वेग पडला, की अपडेट फसतं. पॅक नव्यानं सुरू झाल्यावर, दुसरं काही चालू नसताना लावा. मधे तुटलं तरी उतरलेला भाग साधारणपणे वाया जात नाही, पुढून सुरू होतं. लॅपटॉप असेल तर जिथं ब्रॉडबँड आहे तिथं नेऊन करणं सगळ्यात सोपं.

नेटच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू असेल तर विंडोज डेटा वाचवतं आणि अपडेट आपोआप उतरवत नाही. कोणीतरी पूर्वी ते चालू करून ठेवलेलं असतं आणि आपण कारण शोधत बसतो. तेवढ्यापुरतं बंद करा, काम झालं की परत चालू करा.

४. घड्याळ. हसू नका, पण उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये नाण्याएवढा गोल सेल असतो. लाइट नसताना तारीख-वेळ तोच सांभाळतो. तो संपला की कॉम्प्युटर दर वेळी कितीतरी वर्षं मागे जातो. तारीख चुकली की समोरच्या सर्व्हरचं ओळखपत्र त्याला खोटं वाटतं, आणि अपडेट उतरतच नाही. बँकेची वेबसाइटही उघडत नाही, ती याचमुळे.

'डेट अँड टाइम' मध्ये जाऊन वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा आणि 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' ही वेळ निवडा. तरी रोज तारीख मागे जात असेल तर सेल बदलून घ्या. सीआर २०३२ या नावानं मिळतो आणि अगदी स्वस्त असतो.

५. रीस्टार्ट. बऱ्याच जणी लॅपटॉपचं झाकण लावतात आणि उठतात. त्यानं कॉम्प्युटर झोपतो, बंद होत नाही. 'शट डाउन' केलं तरी बऱ्याच मशीनमध्ये विंडोज पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून थोडं जागंच राहतं. म्हणून 'रीस्टार्ट' करा. त्याआधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र काढून ठेवा. बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस असेल तर तोही कधी कधी आडवा येतो.

एरर कोड वहीत उतरवून घ्या

'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट' आणि त्यात 'अपडेट हिस्ट्री' उघडा. फसलेल्या अपडेटसमोर एक लांब कोड असतो. सुरुवातीला शून्य आणि एक्स, पुढे आकडे. नेहमी दिसणारे चार असे:

- ८००७००७० : जागा कमी पडली.
- ८००७२ईई२ : नेटवरून वेळेत उत्तर आलं नाही.
- ८००७००२० : लागणारी फाइल दुसऱ्या प्रोग्रामनं धरून ठेवली आहे. बहुतेक वेळा अँटीव्हायरसनं.
- ८००७३७१२ : विंडोजचीच एखादी फाइल खराब झाली किंवा हरवली आहे.

पहिल्या तिन्हींचा उपाय वर आलाच आहे. शिवाय 'सेटिंग्ज'मध्ये 'ट्रबलशूट' नावाची सोय असते. त्यात 'विंडोज अपडेट' निवडून चालवलं की विंडोज स्वतःच आपली तपासणी करतं आणि जमेल ते दुरुस्त करतं.

दुकानात जायचंच झालं तर

चौथा कोड आला, किंवा सगळं करूनही जमलं नाही, तर जाणकाराकडे न्या. पण तिथं हे स्पष्ट सांगा: "फॉरमॅट नको. आधी फायली जागच्या जागी ठेवून विंडोज दुरुस्त करून बघा." असं करता येतं. विंडोजच्या खराब फायली तपासून बदलणाऱ्या 'एसएफसी' आणि 'डिझम' नावाच्या आज्ञा आहेत. त्यानंही भागलं नाही तर आपल्या फायली आणि प्रोग्राम ठेवून नुसतं विंडोज पुन्हा बसवता येतं. फॉरमॅट हा शेवटचा उपाय. तो करावाच लागला तर आधी तुमच्या डोळ्यांसमोर कॉपी काढायला लावा.

नवं विंडोज टाकून देणार असतील तर परवान्याचं आहे का ते विचारा. चोरीच्या विंडोजमध्ये अपडेट अनेकदा मुद्दाम बंद केलेलं असतं. मग आपण कितीही खटपट केली तरी ते होणार नाही.

तुमचं विंडोज कितवं आहे?

'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथं बघा. विंडोज ७ चं काम कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं, ८.१ चं १० जानेवारी २०२३ ला. विंडोज १० ची नेहमीची फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत जाहीर झाली, पण तिच्यासाठी अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं.

विंडोज ११ फुकट घेता येतं, पण प्रत्येक मशीनवर बसत नाही. निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. बसत नसेल तर ती तुमची चूक नाही, आणि दुकानदाराला त्यासाठी पैसे देऊनही उपयोग नाही. अशा मशीनवर बँकेचं काम करू नका. गटाच्या फायली पेनड्राइव्हवर कायम ठेवा, आणि पुढच्या खरेदीची चर्चा बैठकीत काढा.

खोटं अपडेट ओळखा

इंटरनेट बघताना अचानक मोठा पडदा येतो. भोंगा वाजतो. "तुमचं अपडेट फसलं आहे, या नंबरवर फोन करा." हे खोटं. विंडोजच्या खऱ्या निरोपात फोन नंबर कधीच नसतो. फोन केलात तर समोरचा गोड बोलून एक ॲप टाकायला सांगतो आणि त्यातून तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो. मग गटाचं खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. खरं अपडेट फक्त 'सेटिंग्ज'मधल्या 'विंडोज अपडेट' मध्येच असतं. कोणी फसलंच तर लगेच नेट बंद करा, १९३० या नंबरवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. लाजून गप्प बसू नका. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

ताईंनो, आपण कर्ज देताना दहा प्रश्न विचारतो. "फॉरमॅट मारा" म्हणणाऱ्यालाही दोन तरी विचारूया. या महिन्याच्या बैठकीत ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांनी तीन गोष्टी लिहून आणा: सी ड्राइव्हमध्ये जागा किती, विंडोज कितवं, आणि शेवटची कॉपी कधी घेतली. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर बैठकीला यायच्या आधी ती घ्या.