खेळ, अवजारे आणि बलुते

संगणकावरील खेळ रचण्याचा व्यवसाय हा नाटक-सिनेमाच्या व्यवसायाचा सख्खा भाऊ आहे. दोन-तीन वर्षे माणसांचे वेतन द्यावयाचे आणि अखेर खेळ लोकांना रुचला नाही, तर सारा खर्च पाण्यात जावयाचा, हा या धंद्यातील नित्याचा अनुभव. साहजिकच खेळ रचणाऱ्या संस्था अधिक खात्रीच्या उत्पन्नाकडे वळू पाहतात. स्वतःसाठी घडविलेली अवजारे इतरांना विकावी, निरनिराळ्या उद्योगांना तांत्रिक सेवा पुरवाव्या, असा हा मार्ग आहे. तो शहाणपणाचा आहे यात शंका नाही. मात्र त्या मार्गावर पाऊल टाकताच व्यवसायाची जबाबदारी बदलते, याचे भान फार थोड्यांना राहते.

या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण म्हणजे युनिटी ही कंपनी. २००४ साली कोपनहेगन येथे डेव्हिड हेल्गासन, निकोलस फ्रान्सिस व योआखिम आन्टे या तिघा तरुणांनी एक छोटी संस्था काढली. तिचा ‘गूबॉल’ हा खेळ २००५ मध्ये बाजारात आला आणि फारसा चालला नाही. परंतु दृश्ये रेखाटणे, वस्तूंच्या पडण्या-आदळण्याचा हिशेब ठेवणे, ध्वनी व हालचाल यांचा मेळ घालणे ही सारी पायाभूत कामे करणारे जे ‘इंजिन’ त्यांनी उभारले होते, ते खेळाहून मौल्यवान ठरले. त्याच वर्षी ते विक्रीस निघाले. २००९ पासून त्याची एक आवृत्ती विनामूल्य मिळू लागली. मोबाइलवरील खेळांची लाट आली, तेव्हा हे सुटसुटीत अवजार जगभरच्या लहान संस्थांच्या हाती होते. २०२० साली कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. इंजिन घडविण्याचा खर्च मोठा असला, तरी एकदा ते उभे राहिले की आणखी एका गिऱ्हाइकाला देण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. शिवाय एकाचा खेळ पडला तरी दुसऱ्याचा चालतो. अवजारे विकणाऱ्याची जोखीम अशी हजारो गिऱ्हाइकांत विभागली जाते. किंबहुना ही गिऱ्हाइके खेळांच्या जगातीलच असावीत, असेही नाही. अमेरिकेतील एपिक गेम्स या कंपनीचा ‘अनरिअल’ हा खेळ १९९८ सालचा. त्याच्याच नावाच्या इंजिनाने २०१९ मधील ‘द मँडलोरियन’ या मालिकेसाठी चित्रीकरणाच्या जागीच भव्य पडद्यांवर पार्श्वदृश्ये उभी केली. व्हँकुव्हर विमानतळाची संगणकीय प्रतिकृती युनिटीच्या साहाय्याने तयार झाली. वास्तुरचनाकार आणि मोटारींचे कारखानदारही आज या इंजिनांचे गिऱ्हाईक आहेत.

खरा प्रश्न आहे तो मोबदल्याचा. गावगाड्यातील लोहार शेतकऱ्याची अवजारे वर्षभर दुरुस्त करी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपले बलुते घेई. पीक बुडाले की बलुतेही आटे. त्यामुळे दोघांचे हित एकाच शेतात गुंतलेले असे. एपिकने २०१५ पासून इंजिन विनामूल्य देऊन खेळाच्या उत्पन्नावर ५ टक्के स्वामित्वधन घेण्याचे ठरविले आणि २०२० मध्ये पहिल्या १० लाख डॉलरच्या उत्पन्नाला सूट दिली, ती याच न्यायाने. युनिटीची पद्धत दर माणशी वर्गणीची होती. मात्र १२ सप्टेंबर २०२३ रोजी तिने जाहीर केले की, उत्पन्नाची व संख्येची ठराविक मर्यादा ओलांडल्यावर, खेळ जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल तितक्या वेळा २० सेंटपर्यंत आकार पडेल. आधीच बाजारात असलेले खेळही त्यातून सुटणार नव्हते. खळ्यावरच्या धान्यातील वाटा सोडून नांगराच्या प्रत्येक फेरीमागे पट्टी मागावी, तशातला हा प्रकार होता.

गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत असते, तर हा केवळ दरवाढीचा प्रश्न ठरला असता. परंतु अर्ध्या वाटेवर इंजिन बदलणे म्हणजे बांधकाम पुन्हा पायापासून सुरू करणे होय. लहान संस्थांना ते परवडत नाही. अडलेल्या माणसाशी केलेला सौदा हा खुल्या बाजारातील सौदा नव्हे. जगभर ओरड झाली. दहा दिवसांत कंपनीला अटी सौम्य कराव्या लागल्या, ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिचिटेलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खेळांवरील तो आकार रद्द करून कंपनी वर्गणीच्या पद्धतीवर परतली. गेलेला विश्वास मात्र अशा घोषणेने परत येत नाही.

विस्ताराची हाव हेही या घसरणीचे एक कारण मानावे लागेल. २०२१ मध्ये वेटा डिजिटलचा अवजारांचा विभाग सुमारे १६० कोटी डॉलरला घेण्यात आला. २०२३ मध्ये त्याच्याशी निगडित सेवाकरार गुंडाळला गेला आणि २६५ जणांना कमी करण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये आणखी सुमारे १,८०० नोकऱ्या, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या चौथा हिस्सा, कमी करण्याचे ठरले. एपिक अजूनही स्वतःचे खेळ रचते, त्यामुळे तिच्या अवजाराची बोच प्रथम तिलाच लागते. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये तिनेही सुमारे ८३० माणसे कमी केली. सेवांकडे वळल्याने खेळातील जुगार संपतो असे नाही. निदान नोकरदारांच्या बाबतीत तरी तो संपलेला दिसत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगापुढे आला, तो अनरिअल इंजिनाच्याच आधारे. अशा संस्थांच्या हाती कला आहे, कष्ट आहेत. अवजार मात्र परक्याचे आहे. म्हणून काम सुरू करताना ज्या अटी मान्य केल्या, त्या तो खेळ बाजारात असेपर्यंत पालटणार नाहीत, अशी हमी करारातच मागून घ्यावयास हवी. २०१४ पासून सर्वांसाठी खुले असलेल्या ‘गोडो’सारख्या इंजिनाचा अभ्यास महाविद्यालयांतून व्हावयास हवा, म्हणजे दुसरा पर्याय नेहमी हाताशी राहील. आणि ज्या संस्था उद्या स्वतःच अवजारे विकावयास बसतील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की खेळ फसला तर नुकसान रचणाऱ्याचे होते; अवजार विकणाऱ्याने शब्द फिरविला, तर त्याचे मोल त्या अवजारावर पोट असलेल्या प्रत्येकाला मोजावे लागते.