पोटातल्या पिना कधी काढायच्या?

"डॉक्टर, आत पिना मारल्या म्हणता, मग त्या काढायच्या कधी?" आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. कागदाची पिन पावसाळ्यात गंजते, तशी पोटातली गंजली तर काय, ही त्यामागची भीती असते.

ही पिन टायटॅनियम धातूची असते. ती गंजत नाही, शरीराला सहसा बाधत नाही आणि जन्मभर आतच राहते. बाहेर कातडीवर लावलेल्या पिना मात्र जखम भरल्यावर काढाव्या लागतात. पुढे कधी एमआरआय तपासणी करायची झाल्यास पोटात पिना असल्याचे तेथे जरूर सांगावे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर लहान छिद्रे पाडून काम करतात. तिथे हाताने टाके घालणे किचकट असते. म्हणून लांब दांड्याचा स्टेपलर छिद्रातून आत सोडतात. त्याच्या टोकाच्या चिमट्यात आतडे पकडून कळ दाबली, की दोन्ही बाजूंना पिनांच्या दोन-तीन ओळी बसतात आणि मधून पाते फिरून आतडे कापले जाते. प्रत्येक पिन इंग्रजी 'बी' अक्षरासारखी वळते. तिच्या पोकळीतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात, त्यामुळे कापलेली कड जिवंत राहते व भरून येते.

ही कल्पना तशी जुनी आहे. बुडापेस्टचे शल्यविशारद ह्युमेर ह्युल्ट्ल यांनी १९०८ साली असे यंत्र वापरले. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते! दुर्बिणीतून जाणारे स्टेपलर १९९० च्या सुमारास आले.

मात्र यंत्र आहे म्हणून धोका नाही, असे समजू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २०११ ते मार्च २०१८ या काळात स्टेपलर व पिनांबाबत ४१ हजारांहून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांत ३६६ मृत्यूंच्या नोंदी होत्या. पिन नीट न वळणे, शिवण उसवणे अशा त्या तक्रारी होत्या. २०२१ मध्ये तेथे शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरसाठी नियम अधिक कडक करण्यात आले. आतड्याच्या जाडीनुसार योग्य उंचीची पिन निवडणे महत्त्वाचे असते. ते काम शेवटी शल्यविशारदाच्या अनुभवाचेच.

शिवण गळू लागली, तर ते बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांत कळते. रुग्ण तोवर घरी आलेला असू शकतो. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या, छातीत धडधड किंवा धाप यांपैकी काही आढळले तर 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' म्हणून घरी वाट पाहू नये. वेदनाशामक गोळी देऊन तर मुळीच नाही. रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. वेळेवर उपचार झाले तर जीव वाचतो.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. स्टेपलर खरोखर लागणार आहे का? पित्ताशयासाठी बहुधा साध्या क्लिपा पुरतात, तर अपेंडिक्सला अनेकदा दोऱ्याची गाठ चालते. आणि पिनांच्या किती पेट्या लागतील? प्रत्येक पेटी एकदाच वापरता येते व ती महाग असते. हे विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही, तो रुग्णाचा हक्कच आहे.